मामोसाने पुसलेली घळ

कॅम्पातल्या पासपोर्ट कचेरीसमोर पीचचं एक वाकडं झाड आहे. आमच्याकडे जिल्ह्याच्या गावाला सगळे कॅम्पच म्हणतात. बावीस वर्षं त्या झाडाच्या फांदीला एक पांढरी चादर टांगलेली असायची. चादरीपुढे लाकडी स्टूल, आणि स्टुलापुढे कॅमेरा घेऊन मामोसा. आमच्या डोंगरांतून खाणीत गेलेला, परक्या घरी कामाला गेलेली, लग्नाला गेलेला, मयताला गेलेला, जो जो सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडे गेला, तो आधी त्या स्टुलावर बसून गेला. मामोसा सगळ्यांना एकच सांगायची. हनुवटी खाली, न्ताते, डोळे माझ्याकडे. हसायचं असेल तर पलीकडे पोचल्यावर हसा.

एका कागदावर चार सारखी डोकी छापून यायची. म्हणून कॅम्पातला स्टुडिओवाला सेखोबे तिला चार डोक्यांची म्मे म्हणायचा. म्मे म्हणजे आई, आणि आमच्यात कुठल्याही मोठ्या बाईला म्मेच म्हणतात, तसं पुरुषाला न्ताते, म्हणजे बाबा. पण सेखोबेच्या तोंडून ते ऐकलं की त्यात मान किती आणि मीठ किती, हे सांगता यायचं नाही. त्याच्या स्टुडिओत भिंतभर धबधब्याचा पडदा होता. गावोगावच्या नवऱ्या त्या धबधब्यापुढे उभ्या राहायच्या, आणि त्यातल्या निम्म्यांनी जन्मात धबधबा पाहिलेला नसायचा.

मामोसा आमच्या हा-लेकोपा गावची. तिची आई भिंतींची कारागीर होती. ओल्या गिलाव्यावर जेवायच्या काट्याने नांगरटीसारख्या रेघा ओढायच्या आणि त्यांत डोंगरावरची पांढरी, पिवळी, तांबडी माती भरायची, ही आमच्या बायकांची कला. त्या नक्षीला दितेमा म्हणतात. मामोसा त्या रेघांमध्येच रांगली. कॅमेरा तिच्या हातात फार उशिरा आला. इतरांचे नवरे नाताळला खाणीतून येताना ब्लँकेट आणि रेडिओ आणायचे. तिचा नवरा एका वर्षी कॅमेरा घेऊन आला. तीन वर्षांनी तो छातीत खाणीची धूळ घेऊन आला आणि परत गेला नाही. अंगणात उन्हाला पडून तो म्हणायचा, माणसं तर सगळेच काढतात, तू कधी हा समोरचा डोंगर काढ. खाली खाणीत मला तेवढाच आठवायचा नाही. चेहरे आठवायचे, डोंगर नाही.

तो गेल्यावर तिने आधी कोंबड्यांचे फोटो काढले. कोंबड्या स्थिर राहत नाहीत, त्यामुळे हात लवकर शिकला. मग माणसांचे काढले. डोंगर राहून गेला.

माझी आणि तिची ओळख इथे सांगायला हवी, कारण त्या ओळखीचं पुढच्या गोष्टीत काम आहे. माझ्या डाव्या गालावर डोळ्याखालून जबड्यापर्यंत एक व्रण आहे. खाणीत पोलादी तार तुटली, तिने ओढलेला. मामोसाचा धंदा नवा होता तेव्हा मी तिच्या स्टुलावर बसलो. तिला माझी दया आली. तिने सेखोबेच्या कॉम्प्युटरवर बसून तो व्रण पुसून टाकला. फोटो इतका देखणा आला की माझी बायको तो उशाखाली ठेवायची. पुढे पलीकडे माझा थोरला भाऊ वारला. पुलावरच्या शिपायाने एकदा पासपोर्टाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला बाजूला उभं केलं. दोन दिवस. मी पोचलो तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. मी मामोसाला काही बोललो नाही. तिला दुसऱ्याकडून कळलं. ती आमच्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेर बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही, दिलेलं पाणीही प्यायली नाही. त्या दिवसानंतर तिने कुणाच्या चेहऱ्यावरचा तीळसुद्धा हलवला नाही. नवऱ्या रडायच्या, एवढा मुरूम काढ ना म्मे. ती म्हणायची, मुरूम जाईल तेव्हा ये, मी इथेच आहे.

ती इथेच आहे, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं. मग गेल्या वर्षाच्या शेवटी कचेरीच्या दारावर कागद चिकटवला गेला. जूनपासून चेहऱ्याचे फोटो आतच काढले जातील, बाहेरचे चालणार नाहीत. मामोसाने तो कागद दोनदा वाचला, चादर घडी करून पिशवीत टाकली आणि त्या दिवशी ती दुपारीच टॅक्सीत बसली.

त्याच सुमाराला दुसरी बातमी आली. ईस्टरनंतर कॅम्पात जिल्ह्याचं प्रदर्शन भरतं. भोपळे, लोकर, घोडे, विणलेल्या टोप्या, आणि गेली काही वर्षं फोटोसुद्धा. जमीन खात्याने जाहीर केलं की या वर्षी गावाकडच्या देखाव्यांत ज्याचा फोटो पहिला येईल, त्याला खात्याचं काम मिळेल. सगळ्या जिल्ह्यातली शेतं, कुरणं, ओढे, वर्षभर फिरून टिपायचे. मामोसा अठ्ठावन्न वर्षांची होती. जूनपासून तिच्या कॅमेऱ्याला हे एकच दार उघडं राहणार होतं.

आणि त्या दारात ती आधी एकदा ठेचकाळली होती. मागच्या वर्षी तिने खरोखर तो डोंगर काढून प्रदर्शनात दिला होता. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने तो भिंतीपर्यंत जाऊच दिला नाही. रंग फिके, असं मागे लिहून परत केला. शेजारी उभा असलेला सेखोबे वाकून म्हणाला, "म्मे, हा तर डोंगराचा पासपोर्ट झाला. अजून तीन छापा, म्हणजे चार डोकी होतील." टेबलाभोवतीची माणसं हसली. मामोसाही हसली. पण टॅक्सीत ती माझ्या शेजारी बसली होती, आणि गाव येईपर्यंत तिने तो फोटो अंगावरच्या ब्लँकेटाखाली पोटाशी धरून ठेवला होता.

यंदा तिने ठरवलं की रंग कमी पडू द्यायचा नाही. लेक मोसा राजधानीत, मसेरूत, कपड्यांच्या कारखान्यात आहे. तिने आईला नवा फोन पाठवला होता. सेखोबेने फोटोला रंग चढवायचं एक साधन त्या फोनमध्ये घालून दिलं आणि ते कसं चालवायचं तेही शिकवलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो स्वतःही तेच वापरायचा. बोट फिरवलं की गवत हिरवं, बोट फिरवलं की आकाश नवं. मामोसाने गावासमोरच्या उतारावरून सगळ्या हा-लेकोपाचा फोटो घेतला आणि तीन संध्याकाळी चुलीशेजारी बसून ती त्याच्यावर बोट फिरवत राहिली. मग कॅम्पात जाऊन ताटाएवढ्या कागदावर तो छापून आणला. शुक्रवारी फोटो देण्याचा शेवटचा दिवस होता. सोमवारी ती तो आम्हाला दाखवायला घेऊन आली.

सोमवारी मापोलोकोकडे लेत्सेमा होता. एकाच्या घरचं काम सगळ्या गावाने येऊन करायचं आणि त्याने सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं, असा तो दिवस. मापोलोको बिअर गाळणारी बाई. तिच्या घरात सून यायची होती, म्हणून नव्या खोलीचा गिलावा चालला होता. चौदा-पंधरा बायका कोपरापर्यंत शेणामातीत. मी माझी दोन गाढवं घेऊन झऱ्यावरून पाणी आणत होतो. आणि उपड्या बादलीवर बसून मादिताबा आजी मातीचे रंग कालवत होत्या. आमच्याकडे आजीला न्खोनो म्हणतात, आणि सगळं गाव त्यांना न्खोनोच म्हणायचं. ऐंशीच्या पुढचं वय. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हाताच्या, उरलेल्या त्यांच्या शिकवणीच्या.

बायकांचे हात भरलेले, त्यामुळे मामोसाने फोटो स्वतःच दोन्ही हातांत धरला आणि ओल्या भिंतीपुढे उभी राहिली. बायका जमल्या. कुणीच काही बोलेना. तिला वाटलं, भारावल्या.

"छान आहे गं," मापोलोको म्हणाली. "कुठलं गाव?"

मामोसाला वाटलं ती थट्टा करतेय. आपलंच की, ती म्हणाली, हे बघ तुझं घर. मापोलोकोने मान तिरकी करून पाहिलं. घर माझ्या घरासारखं दिसतंय खरं, ती म्हणाली, पण निशाण कुठे गेलं माझं? बिअर तयार झाली की आमच्याकडे उंच काठीला पांढरं फडकं लावतात. दूरच्या वाटसरूला ते दिसतं आणि त्याची पावलं आपोआप वळतात. मामोसाने सांगितलं की काठी आकाशात घुसत होती, नजरेला टोचत होती, म्हणून काढली.

"काढली," मापोलोको बायकांकडे वळून म्हणाली. "ऐकलंत? वीस वर्षं नवरा ती काठी काढ म्हणतोय, त्याला जमलं नाही. हिने बसल्या जागी काढली. आता तहानलेला माणूस या फोटोत शिरला, तर तो जाणार कुणाकडे?"

बायका हसल्या, आणि हसण्याने सगळ्यांची तोंडं मोकळी झाली. एकीने विचारलं, एवढं हिरवं गवत आहे तर आमची मेंढरं काय फोटोबाहेर उपाशी मरतायत? दुसरी म्हणाली, बांधावरची गुलाबी फुलं दुकानातल्या गोळ्यांसारखी दिसतायत, जिभेला रंग लागेल. मामोसा हसत होती, पण कागद तिने आणखी घट्ट धरला होता.

मग न्खोनोंनी चष्मा मागितला. तो त्यांच्या डोक्यावरच होता. हात पुसून त्यांनी फोटो मांडीवर घेतला आणि भिंत तपासावी तसा तपासला, वरून खाली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. काम थांबलं. न्खोनो भिंतीकडे बघतात तेव्हा काम थांबतंच.

पहिल्यांदा त्यांनी आकाशावर बोट ठेवलं. तिथे एक काळाजांभळा ढग उभा होता, कडेने सोनेरी. हा गारांचा ढग आहे, त्या म्हणाल्या. असा ढग चढला की मी पत्र्यावर वाळत घातलेल्या पीचच्या फोडी आधी आत घेते. इथे तर माझ्या पत्र्यावर फोडी तशाच आहेत. म्हणजे एक तर मी मेलेय, नाहीतर हा ढग इथला नाही. आणि ऊन बघ. ढगाला ते डावीकडून लागलंय, पण घराची सावलीसुद्धा डावीकडेच पडलीय. सूर्य काय मध्ये उभा राहून दोन्हीकडे फुंकर मारतोय?

मामोसा हळूच म्हणाली की ढग फोनमधला आहे.

न्खोनोंनी नुसती मान हलवली. त्यांचं बोट खाली आलं. आकाश आणि जमीन अशी अर्धी अर्धी कापलीस, म्हणाल्या, दोन बायकांनी एक भाकरी वाटून घ्यावी तशी. बघणाऱ्याने कुठे बघायचं? घोडेस्वार काढलास तो फोटोच्या काठावर, आणि तोंड बाहेर. तो चाललाय निघून. त्याच्या मागे माझी नजरही निघून गेली, आत थांबायला कुणी बोलावलंच नाही तिला. आणि ही तांबडी माती कुठली? या डोंगरावरची अशी माती नाही जी मी भिंतीला लावली नाही. ही सापडली तर मला सांग. पोतं भरून आणते.

मामोसा आता हसत नव्हती. तिने मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. फोटो परत आला, सगळे हसले, शुक्रवार चार दिवसांवर आलाय, जूनपासून चादर बंद. रंग नसेल तर ते भिंतीवर लावतच नाहीत, न्खोनो. मी काय करायचं होतं?

न्खोनोंचं बोट फोटोच्या मधोमध थांबलं होतं. तिथे सपाट, मखमलीसारखा हिरवा उतार होता. त्या बराच वेळ तिथे शोधत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"घळ कुठाय?"

आता बाकीच्या बायकाही वाकल्या. गावाच्या मधून, वरच्या कुरणापासून थेट मापोलोकोच्या अंगणापर्यंत, एक घळ आहे. आमच्या लहानपणी ती उडी मारून ओलांडता यायची. मग दर पावसाने ती माती खात गेली. एक शेत गेलं, दुसरं गेलं, एका वासरासकट कड गेली. नऊ हिवाळ्यांपूर्वी बायकांनी तिच्यात दगडी बांध घालायला सुरुवात केली. पोरं पाठीशी बांधून, डोक्यावर दगड घेऊन. एका हिवाळ्यात एक बांध, कधी दोन. आता अकरा बांध आहेत. प्रत्येकामागे माती अडते, मातीवर गवत धरतं. कुठला बांध कुणाच्या हातचा हे प्रत्येकीला पाठ आहे. चौथ्याच्या वेळी मापोलोकोचा अंगठा चिरडला होता. सातवा पुरात गेला आणि पुन्हा उभा केला.

मामोसाने बोट फिरवून ती घळ गवताने भरून टाकली होती. तिला ती गावाच्या तोंडावरचा ओरखडा वाटली होती. सहावा बांध मामोसाच्या स्वतःच्या हातचा होता.

न्खोनोंनी मान वर केली. मी पाण्याचा डबा घेऊन तिथेच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"याचा व्रण पुसलास तेव्हा याला पुलावर अडवलं," त्या म्हणाल्या. "आमची घळ पुसलीस. आता आम्हाला कोण ओळखणार, बाई?"

मी डबा खाली ठेवला. मामोसाने माझ्या गालाकडे पाहिलं, त्या वर्षी उंबऱ्याबाहेर बसून पाहिलं होतं तसं. मग तिने न्खोनोंच्या मांडीवरून फोटो उचलला, आणि मला वाटलं ती आता घरी जाणार.

ती घरी गेली नाही. मापोलोकोचं बिअरचं मडकं सावलीत उघडंच होतं आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. मामोसाने फोटो पालथा करून मडक्यावर झाकला, वर एक दगड ठेवला, बाह्या सारल्या आणि चिखलात हात घातले. मापोलोको म्हणाली, चला, निदान माझ्या बिअरवर छत तरी आलं.

दुपारनंतर न्खोनो नव्या भिंतीवर रेघा ओढायला उठल्या. मामोसा त्यांच्या मागे काटा धुऊन देत उभी होती. न्खोनो कुणाला समजावून सांगत नाहीत, हात चालवताना आपल्याशीच पुटपुटतात. त्या दिवशी जरा मोठ्याने पुटपुटल्या. पहिली रेघ भिंतीच्या खालच्या कोपऱ्यातून निघाली, वळली, पुन्हा वळली आणि दाराच्या चौकटीशी येऊन थांबली. रेघेने पाहुण्याला दारात आणायचं असतं, त्या म्हणाल्या, कुंपणाबाहेर सोडायचं नसतं. आणि सगळ्या भिंतीवर नक्षी भरायची नाही, एक पट्टा मोकळा ठेवायचा, म्हणजे नक्षीला श्वास घ्यायला जागा राहते. मामोसा त्या रेघेकडे बघत राहिली. मग वळून तिने वर कुरणाकडे पाहिलं, घळीच्या तोंडाकडे, आणि तिथून नजर खाली आणत आणत मापोलोकोच्या दारापर्यंत आली. मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिचे ओठ हलत होते. ती बांध मोजत होती.

संध्याकाळी पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि पालेभाजी खाताना तिने मला विचारलं की उद्या ऊन फुटताना मी गाढवं घेऊन घळीच्या काठाने येईन का. मी म्हटलं, येईन. ती म्हणाली, येशील तो गावाकडे तोंड करून ये, न्ताते. जाताना दिसू नकोस.

मंगळवारी धुकं होतं. आम्ही तिघं, मी आणि दोन गाढवं, तासभर भिजलो आणि परत आलो. बुधवारी ऊन होतं, पण चुलींचा धूर वाऱ्याने घळीत भरला आणि बांध दिसेनात. मामोसा वरच्या कोरफडीच्या कुंपणापाशी दगडावर बसून होती. तिने एकही फोटो काढला नाही. मी खालून ओरडून सांगितलं, एखादा तरी काढून ठेव. तिने हात हलवून नाही म्हटलं. दोन दिवस उरले होते आणि तिचं पोट त्यावर होतं, पण घाई तिच्या अंगाला शिवत नव्हती. ते मी त्या दिवशी पाहिलं आणि मनात म्हटलं, या बाईला चार डोक्यांची म्हणणारा माणूस किती आंधळा.

गुरुवारी उजाडलं ते स्वच्छ. सूर्य डोंगराच्या कडेवर आला आणि ऊन आडवं, जमिनीला घासत आलं. त्या उन्हात घळीतल्या अकराही बांधांच्या सावल्या पडल्या, लांबट, काळ्या, ओळीने, जणू ओल्या भिंतीवर कुणी काटा ओढत खाली उतरलंय. मी गाढवं हाकत आलो. मापोलोको अंगणात काठीला फडकं बांधत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, बिअर उतरली होती म्हणून बांधत होती. वरून मला कॅमेऱ्याचा आवाज ऐकू आला नाही. थोड्या वेळाने मामोसा उठून उभी राहिलेली दिसली, आणि मला कळलं की झालं.

तिने त्या फोटोला फोनमध्ये फक्त सरळ केलं, कारण दगडावर बसल्याने तो जरा कलला होता. बाकी काही नाही. छापायला मात्र सेखोबेकडेच जावं लागलं, मोठं छपाईयंत्र कॅम्पात त्याच्याकडेच. मी बरोबर होतो. सेखोबेने फोटो पडद्यावर उघडला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. म्मे, पुन्हा तेच, तो म्हणाला, एवढीशी आकाशाची पट्टी, तीही रिकामी. मी तुम्हाला ढग दिला होता तो कुठाय? थोडा रंग टाकतो, माझ्याकडून. मामोसा यंत्राच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, बाळंतिणीजवळ सुईण उभी राहते तशी. थेंबभरही नको, म्हणाली. कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. शुक्रवारी तिने तो टेबलावर दिला. मागच्या वर्षीचाच माणूस होता. त्याने फोटो पाहिला, पेन उचललं, आणि पुन्हा पाहिला. मग पेन खिशात ठेवून त्याने फोटो ढिगावर ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी लेत्सेमातल्या सगळ्या बायका दोन टॅक्सींत कोंबून कॅम्पात आल्या. अंगावर पांघरलेली नवी ब्लँकेटं, त्यांच्या पिना छातीवर. न्खोनोंना पुढच्या सीटवर बसवलं. सभागृहाच्या एका भिंतीवर बावीस देखावे लावले होते आणि मसेरूहून आलेल्या परीक्षक बाई एकेका फोटोपुढे थांबून सगळ्यांदेखत बोलत होत्या. बारीक बांध्याची बाई, आवाज मोठा नाही, पण कुणी खोकलं तरी थांबायच्या, म्हणून कुणी खोकत नव्हतं.

सेखोबेचा फोटो मधोमध होता. खराखुरा धबधबा होता तो, दोन दिवस चालून जाऊन काढलेला. पाणी निळं, दगड जांभळे, वर आकाश. माणसं त्याच्याकडे बघून माना डोलावत होती. परीक्षक बाई त्याच्यापुढे आल्या आणि त्याच वेळी आमच्या रांगेतून न्खोनोंचा आवाज आला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज सगळ्यांना ऐकू जाते.

"अगं मापोलोको, हा आपला ढग ना?"

खरंच तोच ढग होता. काळाजांभळा, कडेने सोनेरी. मापोलोकोने मान उंच केली आणि म्हणाली, तोच आहे न्खोनो, माझ्या मडक्यावरचा. आणि तो बघा, तिकडे मेंढरांवरही आलाय. न्खोनोंनी चष्मा सारखा केला आणि काठी उचलून तिसरा दाखवला, एका गव्हाच्या शेतावर. तीन वेगळी खोरी, तीन वेगळे दिवस, आणि एकच ढग, त्याच वळणाचा, तोच सोनेरी काठ. सगळं सभागृह फोटो सोडून ढग शोधायला लागलं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, चौथा इथे आहे, उलटा केलेला.

परीक्षक बाई आधी रागावल्या असाव्यात, पण मग त्या स्वतः चारही फोटोंपुढे जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा ओठ दाबून धरले होते. त्यांनी सेखोबेला विचारलं की हे आकाश त्या दिवशी धबधब्यावर होतं का. सेखोबे वाईट माणूस नाही, खोटं बोलला नाही. नव्हतं, म्हणाला. त्या दिवशी आकाश मोकळं होतं. मग मोकळं का नाही ठेवलं, बाईंनी विचारलं. इतकं चालून गेलात, पाणी इतकं सुंदर पडतंय, तुमची जागाही नेमकी आहे, आणि मग त्याच्यावर उसनं आकाश ओतलंत. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच सेखोबेला ते जास्त लागलं.

मामोसाचा फोटो शेवटून तिसरा होता. बाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांचं बोट हवेतच खालच्या डाव्या कोपऱ्यापासून निघालं, घळीबरोबर वळलं, पुन्हा वळलं, गाढवांपाशी क्षणभर थांबलं आणि मापोलोकोच्या दाराशी पोचलं. तिथे अर्धी रंगवलेली नवी भिंत होती, तिच्यावर तीच वळणं, लहान होऊन. वर काठीवर पांढरं फडकं, आणि त्याच्यावर आकाशाची रिकामी पट्टी.

त्यांनी विचारलं, "ही घळ दाखवायची लाज नाही वाटली?"

"वाटली होती," मामोसा म्हणाली. "आधी पुसली होती मी. मग ज्यांनी बांध घातले त्यांनी परत मागितली."

बाईंनी वळून आमच्या रांगेकडे पाहिलं. पंधरा बायका, पंधरा ब्लँकेटं. त्या जवळ आल्या आणि एकेकीला विचारू लागल्या, तुझा कुठला? आमच्या बायका बोट दाखवू लागल्या. हा माझा. तो दुसरा आमच्या दोघींचा. चौथा, तिथे माझा अंगठा गेला, हा बघा. जमीन खात्याचा साहेब, जो इतका वेळ खुर्चीवर बसून होता, तो उठून फोटोला नाक लावून बांध मोजायला लागला, आणि अकरा झाल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले. पहिला नंबर पुकारला तेव्हा कुणाला नीट ऐकूच आला नाही, कारण न्खोनोंनी जीभ हलवून, आनंदात आमच्या बायका काढतात तो लुलूचा सूर धरला होता आणि त्यांच्यामागे पंधराजणींनी. परीक्षक बाई थांबल्या. सूर ओसरल्यावर त्यांनी मामोसाचं नाव पुन्हा पुकारलं.

बाहेर पडताना सेखोबे दारात उभा होता. टोपी काढून हातात घेतली होती. मला वाटलं काही खारट बोलेल. त्याने मामोसाकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्मे, हा डोंगराचा पासपोर्टच आहे. मी मागच्या वर्षी बरोबर बोललो होतो, फक्त कशाला हसतोय ते मला कळलं नव्हतं." या वेळच्या म्मेमध्ये मीठ नव्हतं. मामोसाने त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं की धबधब्यावर परत जा, आणि आकाश मोकळं असेल त्याच दिवशी जा. मीही येते बरोबर, आता मला सगळ्या जिल्ह्यात जायचंच आहे.

जूनमध्ये कचेरीच्या आत नवा कॅमेरा बसला. पीचच्या झाडाची फांदी मोकळी झाली. मामोसा त्या दिवशी तिथे नव्हती, ती घोड्यावर बसून वरच्या खोऱ्यांत गेली होती. तिकडे कुठल्या तरी गावात आता बायका घळीत दगड टाकायला लागल्यात आणि त्यांना पहिल्या बांधाचा फोटो हवा होता. जाण्याआधी ती मापोलोकोकडे येऊन गेली. पिशवीतून बावीस वर्षांची ती चादर काढली, दाताने कडा तोडून सरळ फाडली, आणि एक लांब पट्टा तिच्या हातात दिला.

तो आता त्या काठीवर आहे. आमच्या भागातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यामागे एकदा तरी उभा राहिलेला तो कापडाचा तुकडा. मी गाढवं घेऊन घळीच्या काठाने येतो, कोरफडीच्या कुंपणापासूनच तो दिसायला लागतो, आणि माझी तहान जागी होते. आठव्या बांधामागे यंदा ज्वारी पेरली आहे, आणि ती कमरेएवढी झाली आहे.